पाठीवरची बोटं

मामाची पाठ ओळखणारी माणसं शेकड्यानं निघतील. तोंड ओळखणारी विचाराल तर बायको, लेक, दारावरचा वॉचमन आणि महिन्याकाठी केस कापणारा न्हावी. बस्स. धंदाच तसा होता. कचेऱ्यांच्या एका जुन्या सहामजली इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. 'मामा' हेही वॉचमननं दिलेलं नाव. बाकीच्यांनी त्याला वेगळं नाव ठेवायची तसदीच घेतली नव्हती. 'ए लिफ्ट' म्हटलं की त्यात यंत्रही आलं आणि माणूसही.

लिफ्ट आजकालच्यासारखी बटणांची, गुळगुळीत नव्हे. ओढायचं जाळीचं दार, आत लाकडी खोकं, त्याला डोक्याच्या उंचीवर जाळ्या, आणि बाजूच्या भिंतीला एक पितळी दांडा. दांडा डावीकडं ढकलला की खोकं वर, उजवीकडं ओढला की खाली, आणि मध्ये थोपवला की मुक्काम. दांड्यासमोर स्टूल, स्टुलावर मामा, तोंड भिंतीकडं. डावा हात जाळीला, उजवा दांड्याला. लोक उभे राहायचे ते त्याच्या पाठीशी. जिना या पिंजऱ्याला वेटोळं घालत वर गेलेला होता; पण लिफ्ट चालू असताना पाय मोडून घ्यायची हौस कुणाला?

खडखडाट असा की आत कुणी बोंब ठोकली तरी स्टुलापर्यंत पोचू नये. म्हणून लोक बोलायच्या फंदात पडत नसत. पाठीत टोचायचे. कुणी बोटानं, कुणी पेनानं, कुणी किल्लीनं. टोचलं की मामा मान न वळवता विचारायचा, "कितवा?" नवखा मग कानाशी वाकून मजला ओरडायचा. रोजच्या माणसांना तेवढंही विचारावं लागत नसे. टोचणीवरूनच त्याला मजला कळायचा, आणि एकेका टोचणीला त्यानं नाव देऊन ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची 'कोंबडी': एका दमात पाच-सात चोची, जसा काही पाठीवर दाणा सांडलाय. पाचव्या मजल्याचा 'पानवाला', कारण बोट लावून तो ते शर्टाला चुना पुसल्यासारखं खाली ओढायचा. चौथ्या मजल्याची 'पहार'. ती मात्र जीवघेणी. बरगडीखाली अशी बसायची की मामाच्या तोंडून 'आई गं' निघायचं. घरी गेला की तो मामीला म्हणायचा, "आज पहार लागली बघ. कुठला दांडगा गडी आहे कोण जाणे. मागच्या जन्मी विहिरी खणत असणार."

आणि सहाव्या मजल्याचं 'मोरपीस'. दोन हलके स्पर्श, टक् टक्, जणू झोपलेल्या पोराला उठवतोय. मोरपिसानं कधी 'ए' म्हटलं नव्हतं, 'लवकर' म्हटलं नव्हतं. मामाच्या लेखी तो देवमाणूस होता. सकाळी मोरपीस लागलं की मामाचा दिवस बरा जायचा.

या कुणाचंच तोंड त्यानं बघितलं नव्हतं. त्यालाही कारण होतं. स्टूल हवाली करताना आधीच्या म्हाताऱ्या लिफ्टवाल्यानं बजावलं होतं, "मागं वळून बघायचं नाही. वर साहेबाच्या शिव्या खाऊन आलेला माणूस इथं डोळे पुसतो. कुणी दात कोरतो, कुणी स्वतःशीच बोलतो. दिवसभरात त्यांना आडोसा मिळतो तो एवढाच. तू वळलास की त्यांचा आडोसा गेला." मामाला ती काळ्या दगडावरची रेघ. दार उघडतानाही त्याची नजर जोड्यांच्या वर जात नसे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग तो रविवार आला.

लेकीला परगावच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. शनिवारी निघायचं होतं. तिच्यासाठी बॅग घ्यायला तिघं एका मोठ्या दुकानात गेली. लेक लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिचं नाव भिंगरी, आणि नर्स झाली तरी ते सुटलं नव्हतं. मामीनं प्रत्येक बॅगेची चेन ओढून ओढून दुकानातल्या पोरींचा जीव खाल्ला. शेवटी एक मोठी लाल बॅग पसंत पडली तेव्हा म्हणाली, "ही बॅग आहे का कपाट? हिच्यात तुझ्या बाबांनाच घालून ने. स्टुलासकट."

हसत हसत तिघं पैसे भरायच्या रांगेत उभी राहिली. पुढं मामा, बॅगेच्या मुठीवर हात ठेवून. शेजारी लेक. मामी पुन्हा एका बॅगेची चेन ओढून बघायला मागं गेली.

तेवढ्यात मामाच्या पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, काहीतरी खुपलं. मागं एक अनोळखी माणूस उभा होता. कडक इस्त्रीचे कपडे, हातात गुंडाळलेली छत्री. छत्रीचं टोक तसंच पाठीला लावून तो म्हणाला, "ए, हो पुढं. खांबासारखा काय उभा राहिलास?"

आणि मामाचा उजवा हात वर गेला. आपोआप. जिथं काहीसुद्धा नव्हतं तिथं, हवेत, त्यानं दांडा धरला. मूठ वळली. मान सरळ समोर. आणि भरल्या दुकानात, खडखडाटावर मात करायच्या आवाजात, तो म्हणाला,

"कितवा?"

रांग वळून बघायला लागली.

"काय कितवा?" छत्रीवाला म्हणाला. "झोपेत आहेस का?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा एक म्हणाला, "पुन्हा दाबून बघा हो, अजून काय बोलतोय."

आणि छत्रीवाल्यानं खरंच पुन्हा टोचलं. रागानं नव्हे, गंमत म्हणून. खेळण्याची किल्ली फिरवावी तसं. मामाचा हात अजून हवेतच होता. तो डावीकडं सरकला. वरच्या मजल्यावर निघाल्यासारखा.

आता मात्र सगळी रांग खदखदून हसली. मामा आपल्याच हाताकडं बघत राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या खांद्याला लटकलाय असं त्याला वाटलं. हात खाली घ्यावा हे कळत होतं, पण घ्यायचा कसा तेच आठवेना.

भिंगरीनं छत्रीचं टोक धरून बाजूला फेकलं. "हात लावायचं काय काम तुम्हाला?"

"हात कुठं लावला? छत्री लावली."

"तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत ते!"

"माझे वडील रांगेत उभ्या उभ्या घोरत नाहीत, बाई."

मामी मागून "काय झालं, काय झालं" करत आली. आणि इथं मामाला वाचा फुटली. फुटली ती अशी:

"जाऊ दे गं भिंग्ये. त्यांना घाई असेल." मग वळून, त्या माणसाच्या बुटांकडं बघत, "व्हा साहेब, तुम्ही पुढं व्हा."

छत्रीवाला पुढं झाला. भिंगरीनं बापाकडं बघितलं ते असं, की छत्रीची टोचणी परवडली.

घरी आल्यावर लाल बॅग भिंतीला टेकवली गेली. ताटं वाढली, पण लेकीचा हात ताटातच थांबला.

"बाबा, तुम्ही हात का वर केलात?"

"सवय गं. टोचलं की जातो हात."

"तिथं रोज टोचतात तुम्हाला?"

"टोचतात म्हणजे काय! मजला नको कळायला?" मामाला वाटलं, पोरीचा राग घालवायची हीच वेळ आहे. मग त्यानं कोंबडी सांगितली, पानवाला सांगितला, हातवारे करून पहार सांगितली. मामी हसली सुद्धा. म्हणाली, "मी घरात रोज टोचते ते मेलं कुठं लागतं तुम्हाला?" पण भिंगरी हसेना. तिचा चेहरा उतरत उतरत पांढरा पडला.

"म्हणजे आपला खेळ..." ती म्हणाली.

लेक चार-पाच वर्षांची असताना संध्याकाळी तो जमिनीवर बसायचा, ती मागून यायची आणि पाठीत बोट खुपसायची. मामा ओरडायचा, "कितवा?" ती म्हणायची, "सहावा!" मग तो तिला खांद्यावर घेऊन हळूहळू उभा राहायचा, तोंडानं खडखडाट करत, मजले मोजत, छताला हात लागेपर्यंत. शेजारची पोरं रांग लावायची. सगळ्या गल्लीत असा बाप कुणाला नव्हता.

"मला वाटायचं तो खेळ तुम्ही माझ्यासाठी काढलाय," भिंगरी म्हणाली. "लोक तुम्हाला करतात तेच मी करत होते."

"तू लहान होतीस गं," मामी म्हणाली.

"ते मोठे आहेत ना पण? त्यांची तोंडं बघितलीत कधी, बाबा?"

"तोंडं कशाला बघायची? आणि सगळे काही तसे नसतात." मामानं हुकमाचं पान टाकलं. "मोरपीस आहे की. इतकी वर्षं झाली, पण कसा हात लावतो! आपला माणूस लावेल तसा. माणूस समजून लावतो."

"तोंड न बघता कळलं तुम्हाला?"

"पाठीला कळतं."

"एकदा बघा," लेक म्हणाली. "मी जायच्या आत बघा आणि मला सांगा. एवढ्या मोठ्या इमारतीत एक माणूस तरी तुम्हाला माणूस समजतो, हे ऐकून जाऊ दे मला. नाहीतर तिकडं माझा पाय टिकायचा नाही."

"सांगतो ना. मग तूच म्हणशील," मामा म्हणाला. म्हणाला तेव्हा त्याला तीळमात्र शंका नव्हती.

सोमवारी स्टुलावर बसला आणि पहिलीच टोचणी लागली, तशी त्याची पाठ दचकली. पाठीला जणू रात्रीत नवी कातडी आली होती. इतकी वर्षं मजला कळायचा. आता आधी टोचणं कळायचं आणि मजला मागून. कोंबडीच्या चोची मोजता यायला लागल्या. पानवाल्याचं ओढलेलं बोट संध्याकाळपर्यंत ओलं वाटत राहिलं. किल्ली लागली तेव्हा त्याच्या मनात आलं, घरचं दार उघडायची किल्ली ही, आणि मला लावतोय. मोरपीस आलं, टक् टक्. मामाची मान वळायला आली आणि अर्ध्यावरच राहिली. म्हाताऱ्या लिफ्टवाल्याचा शब्द आड आला असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नव्हता.

घरी लेकीनं विचारलं, "बघितलंत?"

"आज गर्दी होती."

दुसऱ्या दिवशीही गर्दीच होती. तिसऱ्या दिवशी लेकीनं विचारलंच नाही. नुसती बॅग भरत बसली. ते न विचारणं मामाला सहन झालं नाही.

सकाळी त्यानं स्टूल उचललं आणि फिरवलं. ते काही जमिनीला खिळ्यांनी ठोकलेलं नव्हतं. फिरवता येतं हे इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं, एवढंच. आता दांडा पाठीमागं गेला. डाव्या हातानं चाचपत धरावा लागे. आणि तोंड आलं माणसांकडं.

वॉचमन बघतच राहिला. "मामा! आज सूर्य इकडून कसा उगवला?"

"मान अवघडलीय."

"मान अवघडली म्हणून सगळा माणूस फिरवलात?"

पहिली फेरी भरली. लोक आत आले, सवयीनं बोटं उचलली, आणि बोटांपुढं तोंड आलं. एक जण तर इतका दचकला की त्यानं मागं बघितलं, चुकीच्या लिफ्टमध्ये शिरलो की काय म्हणून. दुसऱ्यानं उचललेलं बोट तसंच नेऊन आपलं नाक खाजवलं. सगळे छताकडं, नाहीतर आपापल्या जोड्यांकडं. मामाच हबकला. त्याला वाटलं होतं आपल्याला लाजायला होईल. लाजत होते ते.

कोंबडी मात्र कोंबडीच निघाली: बारीक डोळ्यांची, गळ्यात चष्मा अडकवलेली एक बाई. टोचायला जागा उरली नाही तेव्हा तिनं लाकडी भिंतीवर चोची मारल्या. "दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा!" एवढ्या तणावातही मामाला हसू आलं.

मग तळमजल्यावर एक म्हातारी आत आली. किडकिडीत, हनुवटीपर्यंत कापडाचे गठ्ठे दोन्ही हातांनी कवटाळलेले. चौथ्या मजल्यावर पिशव्या शिवायचा कारखाना होता, तिथली कापड कापणारी असणार. गठ्ठ्यातून कापड मोजायचा लाकडी गज आडवा बाहेर आलेला. मागून चार माणसं घुसली तशी म्हातारी पुढं ढकलली गेली आणि गजाचं टोक येऊन मामाच्या बरगडीखाली बसलं.

"आई गं!" मामा म्हणाला. आणि पहार ओळखली.

ती विहिरी खणणारा दांडगा गडी नव्हती. तिला आपण टोचतोय याचा पत्ताही नव्हता. तिचे ओठ हलत होते. लिफ्ट निघाली होती, खडखडाटात आवाज बुडाला, पण आता तोंड समोर होतं, ओठ वाचता येत होते. "चौथा, दादा."

मामा आ वासून बघत राहिला.

"रोज असंच म्हणता?" त्यानं ओरडून विचारलं.

"काय?"

"दादा!"

"मग काय म्हणू?" म्हातारी ओरडली. मग तिला मामाच्या बरगडीवरचा हात दिसला, मग गजाचं टोक दिसलं, आणि तिच्या हातातले गठ्ठेच घसरले. "अगं बाई! हा लागतो तुम्हाला? कधीपासून?"

"आजच लागला," मामा म्हणाला.

चौथा मजला आला. ती उतरली, जाळीबाहेर उभी राहून लिफ्ट वर जाईपर्यंत बघत राहिली. मामानं बरगडी चोळली. इतकी वर्षं रोज एक बाई आपल्याला दादा म्हणत होती, आणि आपण घरी जाऊन तिला शिव्या घालत होतो! दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गजाच्या टोकाला जाडजूड चिंधी बांधलेली होती. पण ते दुसऱ्या दिवशीचं.

त्या दिवशी मात्र मामाला हुरूप आला. पहारच अशी निघाली, मग मोरपीस कसलं निघेल! संध्याकाळी लेकीला काय काय सांगायचं ते तो मनात जुळवायला लागला. त्यानं कॉलर सारखी केली. केसांवरून हात फिरवला.

मोरपीस थोड्या वेळानं, त्याच्या नेहमीच्या वेळेला आलं. फेरीत बाकी कुणी नव्हतं. गोरागोमटा, पोट सुटत आलेला, नीट भांग पाडलेला माणूस. कपाळावर आठी नाही की काही नाही. हातातल्या कागदात बघतच तो आत शिरला. मामानं जाळी ओढली आणि हसला. तयार ठेवलेलं हसू होतं ते.

त्या माणसानं वर न बघता खिशातून रुमाल काढला. पांढरा, चार घड्यांचा. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तो ठेवला, टोकाशी नीट दुमडला, आणि रुमालात गुंडाळलेलं बोट पुढं केलं. पाठ असायची तिथं. टक् टक् करायला.

बोट मामाच्या छातीपासून वितभर अंतरावर थांबलं, कारण त्याची नजर वर आली होती.

दोघंही तसेच राहिले. मामाच्या तोंडावरचं हसू उतरेना. उतरवायचं कसं ते त्याला कळेना, रविवारी हात कळला नव्हता तसंच. रुमाल. म्हणून मऊ. म्हणून हळू. आपला माणूस लावेल तसा, असं तो पोरीला म्हणाला होता. सकाळी हे लागलं की दिवस बरा जातो, असं मानत आला होता.

त्या माणसानं बोट मागं घेतलं. रुमालाची लागलेली बाजू आत करून घडी घातली. लागलेली कुठं होती? आज तर लागलंच नव्हतं. पण घडी तशीच घातली, आणि रुमाल खिशात गेला.

"उलटा का बसलास?" तो म्हणाला. लिफ्ट थांबलेली असल्यामुळं आवाज स्वच्छ ऐकू आला. चांगला, समजूतदार आवाज होता. "सरळ बस ना."

"सहावा," मामा म्हणाला. विचारलं नाही. नुसतंच म्हणाला.

दांडा कसा ढकलला, मजले कसे गेले, त्याला काही कळलं नाही. सहाव्यावर लिफ्ट जमिनीच्या वितभर खाली थांबली. मामाच्या हातून असं कधी होत नसे.

"नीट लाव ना रे," तो माणूस म्हणाला, आणि पाय उचलून वर चढून गेला.

दिवसभर मामाच्या पाठीवर तेवढी दोन स्पर्शांची जागा थंडगार पडून राहिली. टोचणाऱ्यांचा राग येतो, शिवी हासडता येते. याचं काय करायचं? इतकी वर्षं ज्याला माया समजलो ती किळस होती, आणि तिची मला गोडी लागली होती. हे कुणाला सांगायचं? कसं सांगायचं?

संध्याकाळी लेकीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मामानं घाईघाईनं पहार सांगितली. गज सांगितला, गठ्ठे सांगितले, 'दादा' तर तीनदा सांगितलं. मामीनं डोळ्यांना पदर लावला. भिंगरी ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "आणि मोरपीस?"

"रजेवर आहे," मामा म्हणाला.

रजेवर नव्हता, पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्येही दिसला नाही. मामाला वाटलं, खरंच रजा टाकली असेल. वॉचमननं मात्र कानाशी येऊन सांगितलं, "मामा, वरून विचारणा आलीय. स्टूल का फिरवलं म्हणून. मी म्हटलं, मानेत उसण भरलीय. उसण किती दिवस ठेवायची ते तुम्ही ठरवा."

"राहू दे थोडे दिवस," मामा म्हणाला.

शनिवारी भिंगरी निघायच्या आधी इमारतीत आली. मामी खाली वॉचमनच्या बाकावर बसली, लाल बॅगेवर पाय ठेवून, जणू बॅग पळून जाणार होती. लेक लिफ्टमध्ये शिरली. हात दोन्ही अंगाशी धरलेले, कुठंही चुकून बोट लागू नये असे.

"कितवा?" मामानं विचारलं.

"सहावा," ती म्हणाली. दोघांनाही हसू आलं, आणि लगेच गेलं.

लिफ्ट निघाली. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याच्या अलीकडं, बाजूच्या जाळीतून, जिन्यावर एक माणूस दिसला. कठड्याला धरून चढत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. दर दोन पायऱ्यांना थांबून कपाळ पुसत होता. पांढऱ्या रुमालानं.

मामाचा हात दांड्यावर सैल पडला. चौथ्यावर लिफ्ट आपसूक थांबली.

"कोण हो ते?" भिंगरीनं विचारलं.

मामाला थाप मारता आली असती. रजा होतीच.

"मोरपीस," तो म्हणाला. मग एका दमात, "बोटाला रुमाल लावून टोचायचा. म्हणून मऊ लागायचं."

भिंगरीनं तोंडावर हात घेतला. तेवढ्यात तो माणूस चौथ्या मजल्यावर पोचला. मामानं जाळी ओढली. का ओढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"या साहेब," तो म्हणाला. "अजून दोन आहेत. या."

माणूस थांबला. धापा टाकत होता. त्यानं उघडी लिफ्ट बघितली, फिरवलेलं स्टूल बघितलं, स्टुलावरचं तोंड बघितलं. मग खाली बघून मान हलवली आणि पुढची पायरी चढला.

मामा थक्क झाला. रुमालाचा अर्थ त्यानं दोन रात्री लावला होता, पण हे त्याच्या हिशेबात नव्हतं. पाठीला बोट लावायला या माणसाला रुमाल पुरत होता. तोंडाला तोंड द्यायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"तुम्ही बोलावलंत कशाला त्याला?" भिंगरीला आता आवाज सापडला होता. आणि तो चढला होता. "चढू दे ना! मरू दे चढून!"

"दमला होता गं."

"दमू दे!"

मामानं जाळी लावली. लिफ्ट वर निघाली, पाचव्या आणि सहाव्याच्या मधल्या वळणाशी आली आणि दांड्यावरचा हात थबकला तशी थांबली. तो माणूस तिथवर पोचला नव्हता. पाचव्याच्या वरच्या पायरीवरच बसला होता. बसायच्या आधी त्यानं रुमाल पसरला होता पायरीवर, आणि आता त्यावर बसून, डोकं गुडघ्यांत घालून, खांदे हलवत श्वास घेत होता.

भिंगरी जाळीला नाक लावून बघायला लागली. मामानं एकदाच बघितलं. मग स्टुलावरच अर्धा वळला आणि तोंड भिंतीकडं केलं. आपणहून.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," मामा भिंतीला म्हणाला. "तिकडं बघू नकोस. माणसाला आडोसा लागतो."

भिंगरी दोन्ही हातांनी जाळी धरून तशीच उभी राहिली. चीड तिच्या तोंडावरून गेली नव्हती. पण तिनं डोळे मिटून घेतले.

मामानं दांडा ढकलला. लिफ्ट सहाव्याला लागली. जमिनीला जमीन, केसाचंही अंतर नाही.